खिडकीवरचं संशोधन

माझ्या धाकट्या दिरांइतका हट्टी माणूस अख्ख्या जबलपुरात झाला नाही आणि त्यांच्या वहिनीइतकी मूर्ख बाईही झाली नाही. ती वहिनी म्हणजे मी. भाऊजी फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून संशोधनाला लागले होते. विषय काय, तर आकाशातलं न दिसणारं वजन. आकाशगंगांच्या काठावरचे तारे इतक्या वेगानं फिरतात की कधीच उधळून जायला हवे. जात नाहीत, म्हणजे कोणीतरी धरून ठेवलंय. दिसत नाही तर शोधता काहून, असं मी विचारलं. म्हणाले, "म्हणूनच तर शोधून राहिलो, वहिनी." साखर आणायला धाडलं, तर वाटेतल्या मेळ्यात चक्री पाळण्यासमोर घड्याळ धरून तासभर उभे राहिले नि रिकाम्या पिशवीनं परतले. रेडिओ दुरुस्तीची भारी हौस. एकाहत्तरची लढाई पेटली आणि आवाज सुधारतो म्हणून यांनी गल्लीतला एकुलता रेडिओ उघडला; दोन दिवस आमच्या दीक्षितपुऱ्यापुरती लढाई बंद.

मामंजी रांझीच्या फॅक्टरीत मोठमोठ्या चाकांचा तोल साधायचे. लढाईमुळे तिथं भरती निघाली होती. त्यांनी फॉर्म आणून ठेवला नि बजावलं, सोमवारी सही पाहिजे, पुरे झाले तारे. भाऊजी जेवायचे कमी, आकडे मांडायचे जास्त.

त्यातच खिडक्या काळ्या करायचा हुकूम आला. बाजारात कागद मिळेना. मला भाऊजींच्या खाटेखाली गठ्ठा सापडला. एका बाजूला पेन्सिलीच्या रेघोट्या, दुसरी बाजू कोरी. रद्दीच की! कोऱ्या बाजूला स्टोव्हची काजळी फासली, त्यावर खळ, आणि सगळ्या काचा झाकून टाकल्या. वर स्वतःचं कौतुकही केलं. भाऊजी आले, पाहत राहिले. वर्षभराची मेहनत काचांवर चिकटली होती. मी रडत ओढायला गेले, तर म्हणाले, "हात लावू नका, फाटतील." आणि डुगडुगतं स्टूल ओढून, त्यावर उभं राहून, खिडकीवरच पुढचं गणित सुरू केलं.

रविवारी मामंजी चहाचा कप घेऊन त्या खिडकीशी थबकले. ताऱ्यांच्या वेगाच्या एका रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "ही काठाकडे खाली यायला पाहिजे ना?"

"येत नाही, बाबा."

"मोजण्यात चूक?"

"तीनदा मोजलं."

मामंजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तर बाहेरच्या अंगाला वजन आहे. चाक खोटं बोलत नाही." त्यांनी फॉर्मची चौपदरी घडी केली आणि स्टुलाच्या आखूड पायाखाली सारली. "चलो, अब हिलेगा नहीं."

लढाई संपली, गल्लीतले कागद निघाले. आमचे मात्र भाऊजींचा प्रबंध होईपर्यंत राहिले. पुढं भाऊजी दूरच्या कॉलेजात शिकवायला गेले. दर दिवाळीला पत्र यायचं: वहिनी, अजून सापडलं नाही, शोधून राहिलो. गेल्या दोन दिवाळ्यांना मात्र पत्र आलं नाही.

माजघराच्या झरोक्यावर एक कागद अजून आहे. रंगारी दरवेळी विचारतो, अम्मा, ये निकाल दें? मी म्हणते, रहने दो भैया, अभी काम चल रहा है.