पुठ्ठ्यावर काढलेला कॉम्प्युटर

आमच्या सासूबाईंचं ठाम मत आहे की जगात दोन पाय सारखे नसतात, एकाच माणसाचेसुद्धा नसतात. ज्यांचे त्यातल्या त्यात सारखे, ते दुकानात जाऊन बूट घेतात. ज्यांचे फारच वेगळे, ते धापा टाकत आमच्या तिसऱ्या मजल्यावर येतात. एक पाय आखूड, चवडा अपघातात चेपलेला, टाच एका अंगाला कललेली, अशा सगळ्यांचे बूट त्या करतात. वय सदुसष्ट. गल्लीत त्यांना मापवाल्या काकू म्हणतात, आणि मी चौदा वर्षं नोकरी करूनही मापवाल्या काकूंची सूनच आहे.

पुढची खोली त्यांची. एका भिंतीवर कलबूत, म्हणजे ज्यांवर बूट चढवून शिवतात ते लाकडी पाय, दुसरीवर खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्यावर पुठ्ठ्याचा एकेक तळवा. कातडं कापायच्या आधी पुठ्ठा कापायचा आणि तो कधीही टाकायचा नाही, हा त्यांचा नियम. गिऱ्हाईक वारलं तरी पुठ्ठा खिळ्यावर असतो. घरातला एकुलता एक कॉम्प्युटरही याच खोलीत आहे आणि त्याला एक जाड काच जोडलेली आहे. काचेवर उभं राहिलं की तळव्यावर कुठे किती भार पडतो ते पडद्यावर उमटतं. टेप लांबी सांगते, भार सांगत नाही.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. काच आणि तिचा प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वीचा. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. पाच वर्षांपूर्वी जुना कॉम्प्युटर बिघडला, दुसरा आला, त्यात नवी सिस्टिम होती आणि तिने काचेला ओळखच दाखवली नाही. चारशेहून जास्त माणसांचे पाय त्या प्रोग्रॅममध्ये होते.

आमचे 'हे' एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. त्यांनी निकाल देऊन टाकला. "आई, जग पुढे गेलं. ते जुनं टाकून दे."

"जाऊ दे की. जगाचे पाय सारखे असतील. माझ्याकडे येणाऱ्यांचे नाहीत."

"अगं, मग दोन सिस्टिम एकाच कॉम्प्युटरवर ठेवणार? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

"तलवारी राहत नसतील. सासू-सून राहतात ना एका घरात?"

मी हसले आणि आत गेले.

सासूबाईंनी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. शब्द अडला की मला विचारायच्या, मला येत नसला की माझ्याकडे असं बघायच्या की आपण शिकलो कशाला असं वाटावं. दोन महिन्यांनी त्यांनी एका डिस्कचे तीन भाग केले. त्या त्यांना घरं म्हणतात. जुन्या घरात जुनी सिस्टिम, काच आणि जुन्या डिस्कवरून उतरवून घेतलेला तिचा प्रोग्रॅम. त्याला इंटरनेट जोडायचं नाही, कारण साथीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाला बाहेर पाठवत नाहीत. नव्या घरात माझं ऑफिसचं काम आणि आमच्या ह्यांचे फोटो. आणि तिसऱ्या घरात ती फुकटची सिस्टिम, जी जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिली आणि कुणालाही घ्या म्हणून सोडून दिली. तिसरं घर म्हणजे दाराशी बसलेला पहारेकरी. कॉम्प्युटर सुरू केला की तोच काळ्या पडद्यावर तीन ओळींची यादी दाखवून विचारतो, कुठे जायचंय?

आमच्या ह्यांनी एक अट मात्र घातलीच. दहा सेकंदांत कुणी काही निवडलं नाही तर आपोआप नवं घर उघडायचं. सासूबाई सरसाचा डबा बंद करून येईपर्यंत नवं घर उघडलेलं असायचं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. पाच वर्षं त्यांनी हे चालवून घेतलं. खरं सांगते, मलाही मनातून वाटायचं की एवढा अट्टाहास कशाला, एकच सिस्टिम ठेवली तर सगळ्यांचीच सुटका होईल.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी आमच्या ह्यांना फोटोंसाठी जागा हवी झाली. नव्या घरातून डिस्क बघताना त्यांना एक बिननावाचा भाग दिसला. सिस्टिम म्हणाली, हा भाग ओळखता येत नाही, फॉरमॅट करू का? दोनशे माणसांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाने 'हो' म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. नव्या घराला जे ओळखता येत नव्हतं ते तिसरं घर होतं.

सोमवारी सकाळी यादी आलीच नाही. काळा पडदा, वर इंग्रजीत एक ओळ, बस्स. नवं घर उघडेना, जुनंही उघडेना.

आणि नेमक्या त्याच वेळी टपालवाल्या बाई आमच्या खुर्चीत बसलेल्या. वर्षापूर्वी गाडीखाली त्यांचा डावा पाय सापडला होता. तेव्हापासून ऑफिसात बसून पत्रं वेगळी करत होत्या. शुक्रवारी त्यांची परीक्षा होती. थैली घेऊन पूर्ण फेरी चालून दाखवायची, नाहीतर कायमचं टेबल. "काकू, मला टेबल नको," एवढंच त्या पहिल्या दिवशी काचेवर उभ्या राहून म्हणाल्या होत्या. आज तीन मजले तीनदा बसत चढून आल्या होत्या. बूट त्या आठवड्यातच व्हायचा होता, आणि त्यांच्या पायाचा भार जुन्या घरात अडकला होता.

आमच्या ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन तास खटपट करून ते म्हणाले, "आई, सगळं गेलंय. पूर्ण डिस्क पुसतो आणि एकच नवी सिस्टिम टाकतो. निदान कॉम्प्युटर तरी सुरू होईल."

"हात लावू नकोस." इतक्या मोठ्या आवाजात बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

सासूबाई भिंतीशी गेल्या आणि शेवटच्या रांगेतल्या खिळ्यावरून एक पुठ्ठा काढला. मोठा तळवा, कुणाच्याच पायाचा नसलेला. टाचेला लिहिलं होतं, जुनं घर, इतक्या आकड्यापासून इतक्या आकड्यापर्यंत. मध्ये तिसरं घर. चवड्याला नवं. डिस्क कापायच्या आधी सासूबाईंनी तिचाही पुठ्ठा कापला होता! पाच वर्षं मी त्यावरची धूळ झटकत होते.

"तू मधला भाग पुसलास," त्या मुलाला म्हणाल्या. "टाच जागेवर आहे. दार दाखवणारा गेला म्हणून घर पडत नाही."

"आणि आकडे जुळले नाहीत तर?"

"तर तुझं ऐकेन. तोपर्यंत ऐकणार नाही."

त्यांनी ती फुकटची सिस्टिम पेनड्राइव्हवरून सुरू केली, डिस्कवरचे आकडे आणि पुठ्ठ्यावरचे आकडे एकेक करून ताडून पाहिले. टाच जुळली. चवडा जुळला. मग मधल्या जागेत तिसरं घर नव्याने बांधायला घेतलं. दोनदा चुकलं. मंगळवारी संध्याकाळी त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला बसल्या आणि मला आमच्या ह्यांचा इतका राग आला की मी त्यांना त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. माझाही राग आला, कारण एकच सिस्टिम बरी असं मनात म्हणणारी मीच होते. मी पुठ्ठा धरून आकडे वाचत बसले.

बुधवारी दुपारी काळ्या पडद्यावर तीन ओळी आल्या. सासूबाईंनी जुनं घर उघडलं. टपालवाल्या बाईंचा डावा पाय जसाच्या तसा उमटला, टाचेच्या आतल्या कडेला भाराचा लाल ठिपका. मी रडले. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? कातडं भिजत घाल."

गुरुवारी संध्याकाळी बूट पोचला.

यादीतली दहा सेकंदांची अट त्यांनी तिसरं घर पुन्हा बांधतानाच काढून टाकली. आता आपोआप काहीच उघडत नाही. "कुणी निवडलंच नाही तर?" आमच्या ह्यांनी हळूच विचारलं.

"तर थांबेल. माझ्या गिऱ्हाइकांना सगळं जग घाई करतं. इथे तरी कुणीतरी थांबू दे."

पुढच्या आठवड्यात सकाळी जिन्यात पावलं वाजली. सासूबाई आरी खाली ठेवून ऐकत राहिल्या. पहिला मजला, दुसरा, तिसरा. पावलं कुठेच थांबली नाहीत. दारात टपालवाल्या बाई, खांद्याला थैली, हातात आमचं विजेचं बिल.

"हे वर कशाला आणलंत?" मी म्हटलं. "टपाल खाली पेटीत टाकायचं असतं ना?"

"पेटीतच टाकायचं असतं," त्या म्हणाल्या. "मला चढायचं होतं."