मामांच्या गाडीतला पिवळा दिवा

आमच्या मामांना "एकदा दुकानात दाखवा" असं कुणी म्हटलं की राग येतो. आयुष्यभर त्यांचं स्वतःचंच घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लोक बिघडलेली वस्तू घेऊन त्यांच्याकडे यायचे, मग ते कशाला कुणाच्या दारात जातील? दुकान बंद करून सहा वर्षं झाली, पण तोरा तस्साच आहे. त्यामुळे त्यांच्या गाडीत 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला, तेव्हाच मी ओळखलं की आता आपलं काही खरं नाही.

पहिल्या वेळी मामांनी बॅटरीची वायर काढून परत जोडली. दिवा गेला. मामा दोन दिवस शीळ घालत हिंडले. तिसऱ्या दिवशी दिवा हजर. मग त्यांनी काडेपेटीएवढं एक यंत्र आणलं. ते स्टीअरिंगच्या खाली खोचायचं आणि गाडीला काय होतंय ते मोबाइलवर वाचायचं. वाचायला अर्थातच मी. मी त्यांची भाची, दोन गल्ल्या सोडून राहते, आणि बारीक अक्षर वाचायचं काम या घरात कधी माझ्या गळ्यात पडलं ते मलाही आठवत नाही. यंत्राचं म्हणणं होतं, पेट्रोलची वाफ कुठूनतरी निसटते आहे. खाली संशयितांची यादी होती आणि तिच्यात पहिलं नाव होतं टाकीच्या झाकणाचं.

"ते खोड," मामा म्हणाले. "झाकण मी स्वतः लावतो."

मी मुकाट्याने खोडलं. तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली होती.

आता यात एवढं काय, दिवा तर दिवा, असं कुणालाही वाटेल. पण महिनाअखेरीला गाडीची पंधरा वर्षांनंतरची आरटीओ तपासणी होती आणि दिवा लागलेली गाडी तिथे सरळ नापास करतात. मामांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, टपूनच बसला होता. या वयात गाडी हवीच कशाला, असं त्याचं जुनं टुमणं. यंदा नापास झाली की विकून टाकायची, असं त्याने जाहीर केलं. मामांनी त्याच्याशी वाद घातला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते एक पोळी कमी खायला लागले.

कारण मामी. मामीची थोरली बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळलेली आहे. दर गुरुवारी मामी तिचे केस धुवायला जाते आणि दोघी मिळून उरलेल्या सगळ्या नातेवाइकांची उणीदुणी काढतात. आठ वर्षांपूर्वी मामी न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट दोन जागी मोडलं. आत धातूची पट्टी घातली, पण पकड काही परत आली नाही. पुढे एकदा बसमध्ये ड्रायव्हरने ब्रेक मारला, मामीच्या हातून दांडी सुटली आणि ती एका अनोळखी गृहस्थाच्या मांडीत जाऊन बसली. हे ती हसत हसत सांगते, पण त्यानंतर ती बसमध्ये चढलेली नाही. घरात मात्र माझं कुठं अडत नाही, हात बराच सुधारलाय, सगळं मीच उघडते, असं ती येईल त्याला ऐकवते. थोडक्यात, गाडी गेली की मामीचा गुरुवार गेला.

म्हणून मामा हट्टाला पेटले. इमारतीच्या खाली, गाडी लावायच्या जागेत, जुनी रद्दी पसरून त्यांनी एकेक भाग काढला. रबरी नळ्या बदलल्या, व्हॉल्व्ह बदलला. पेट्रोलमध्येच भेसळ असेल म्हणून ते दुसऱ्या पंपावर भरायला लागले. दर वेळी यंत्राने दिवा घालवायचा, दर वेळी पेट्रोल भरलं की दोन-तीन दिवसांत तो परत यायचा. मामीने एकदा कंटाळून दिव्यावर मलमपट्टीचा तुकडा चिकटवला. त्याला बरं नाहीये ना, मग, असं वर म्हणाली. मामा तिच्याशी दुपारपर्यंत बोलले नाहीत.

तपासणीला दहा दिवस उरले होते, तो रविवार. मी मामीकडे चहा करत होते. साखरेची बरणी झाकणाला धरून उचलली आणि झाकण माझ्या हातात आलं, बरणी खाली. साखर ओट्यावर, फरशीवर, माझ्या चपलांत. या घरात एकही झाकण धड लागलेलं नसतं. मुरंबा, चहापूड, तेलाची बाटली, सगळी झाकणं नुसती टेकवलेली. झाडू मारता मारता मी मामांच्या नावाने बोटं मोडत होते. मामी नेहमीप्रमाणे म्हणाली की घड्याळजीचा हात तो, नाजूकच चालणार, सांगून सांगून मी थकले.

माझा झाडू थांबला.

मी तशीच खाली धावले. गाडीखालून मामांचे दोन पाय बाहेर आले होते. मी टाकीचं दार उघडलं, झाकणाला बोट लावलं, तर ते अल्लद हातात आलं. त्याच्यावरच लिहिलेलं होतं की तीनदा 'कट्' वाजेपर्यंत फिरवा. मग मात्र माझं डोकं सटकलं. महिनाभर आम्हाला नाचवलंत, नळ्या बदलल्या, पंपवाल्याला चोर ठरवलंत, आणि झाकण लावता येत नाही, असं मी मामांच्या पायांनाच सुनावलं. मामा सरपटत बाहेर आले. आरडाओरडा ऐकून मामीही खाली आली होती. तिने पुन्हा तेच म्हटलं, घड्याळजीचा नाजूक हात.

"घड्याळजीचा काय संबंध?" मामा म्हणाले. "घड्याळाचं झाकण घट्टच लावावं लागतं. नाहीतर आत धूळ जाते."

"मग ही सगळी झाकणं अशी का?" मामीने विचारलं.

मामा हात पुसत राहिले. मामीकडे न बघता म्हणाले, "तुझं मनगट मोडलं तेव्हापासून मी घट्ट लावत नाही. हाताला सवयच लागली. झाकण दिसलं की हात आधीच थांबतो."

मामी तडक वर गेली. मला स्वतःच्या तोंडाची इतकी लाज वाटली की मी थोड्या वेळाने तिच्या मागोमाग गेले. झाडू हातात घ्यायच्या आधी, वैतागाच्या भरात, मी साखरेची बरणी चांगली आवळून ठेवली होती. मामी ती पोटाशी धरून उघडायला बघत होती. झाकण तसूभरही हललं नाही.

"मला वाटायचं, हात सुधारला," ती म्हणाली.

मी बरणी घेतली, झाकण सैल केलं आणि नुसतं टेकवून ठेवलं. आता मी बरणी खालून धरून उचलते.

गाडी पास झाली. मामेभावाने तोंड वाकडं करून कागद पाहिला आणि गाडी विकायचा विषय सोडला. पुढच्या गुरुवारी मीही सोबत निघाले. वाटेत मामांनी पेट्रोल भरलं, झाकण बसवलं, आणि त्यांचा हात थांबला. मामीने काच खाली केली.

"अहो, ते घट्ट लावा," ती म्हणाली. "ते मला उघडायचं नाहीये."