डांबर सोडलेला माणूस

आमच्या साडूभाऊंइतकं रान हिंडलेला आणि तरीही रानातलं एकही जनावर न पाहिलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. टिपेश्वरच्या बाजूची जंगलं, घाटंजीपलीकडचे सागवानाचे डोंगर, पैनगंगेच्या काठचे ओसाड माळ, जिथं बकऱ्याही विचार करून जातात अशा सगळ्या जागी त्यांच्या जीपची चाकं उमटली. वाघ सोडाच, त्यांना कधी धड ससा दिसला नाही. याचं कारण साऱ्या सोयऱ्यांना ठाऊक होतं, फक्त त्यांनाच नव्हतं. साडूभाऊ नोकरीभर एसटीचे ड्रायव्हर होते आणि वळण आलं की हॉर्न वाजवायचा, हे त्यांच्या हाताच्या हाडात मुरलं होतं. रानातली वाट म्हणजे नुसती वळणंच. आम्ही पोचायच्या कितीतरी आधी आमची वर्दी जायची आणि सारं रान पाखरासकट रिकामं व्हायचं. "सरकारनं वाघ मोजले म्हन्ते, मास्तर," ते मला चिडून म्हणायचे, "मंग मले काहून दिसत नाही? कागदावरचे वाघ होय सारे." मागून ताई म्हणायच्या, "तुमचा भोंगा आयकून वाघ तेलंगणात जाऊन बसले."

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ती दोघं दिग्रसला, आम्ही दारव्ह्याला. साडूभाऊंनी जन्मभर दिग्रस–यवतमाळ हा एकच रस्ता चालवला. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना नातेवाइकासारखा ओळखीचा होता आणि नातेवाइकांइतकाच त्यांना त्याचा तिटकारा होता. निवृत्तीच्या दिवशी डेपोत सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि बोलायला उभे राहिले तेव्हा एवढंच म्हणाले, "आता डांबरीवर मजेसाठी गाडी चालवीन तर बापाचं नाव लावनार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, गंमत करताहेत. पुढल्याच महिन्यात ते लिलावातली जुनी फोर व्हील जीप घेऊन आले. तिच्यात दोन दांडे होते, एक गिअरचा आणि दुसरा चारी चाकं ओढायला लावणारा. त्या दुसऱ्या दांड्यावर त्यांनी जेवढी माया केली तेवढी पोटच्या पोरावर केली नाही. पोरगा पुण्यात नोकरीला होता आणि हे वाक्य तोच आम्हाला ऐकवायचा, हसत नव्हे.

जीप मिळाली तरी सवयी एसटीच्याच राहिल्या. मागून कुणीतरी पत्र्यावर दोनदा थाप मारल्याशिवाय ते गाडी हलवत नसत. एकटे निघाले तर खिडकीतून हात काढून स्वतःच थाप मारायचे. अकराच्या सुमाराला, समोर हॉटेल असो की वारूळ, गाडी थांबायची आणि हुकूम सुटायचा, "चहापानी उरकून घ्या." माणसांवर त्यांचा जुना राग होता. वाटणीत भावांनी विहीर असलेला वावराचा तुकडा दाबला, तेव्हापासून ते कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. "मानसापेक्षा अस्वल बरं," म्हणायचे. "अंगावर येते, पन पत्रिका घेऊन नाही येत." रानात ज्या जागा त्यांना सापडायच्या त्यांना ते सोयऱ्यांची नावं द्यायचे. एका हिरव्या, वास मारणाऱ्या डबक्याला थोरल्या भावाचं नाव होतं. काटेरी बोरींच्या एका जाळीला त्यांनी आपल्या विहिणीचं नाव बहाल केलं होतं. घाटंजीच्या पुढं एक बोडकी टेकडी आहे, तिच्यावर गवतसुद्धा उगवत नाही. तिला त्यांनी माझं नाव दिलं आणि मला मुद्दाम नेऊन दाखवलं.

ताई सुरुवातीला जायला तयार नव्हत्या. "मी दगडावर सैपाक करनार नाही, आन् झुडपामांगं जानार नाही," त्यांनी सांगून टाकलं. "घर संगं येत असन तर येईन." बोलण्यात ताईंचा हात धरणारं माहेरी कुणी नव्हतं आणि सासरी तर नव्हतंच. त्यांना वाटलं विषय मिटला. साडूभाऊंनी एका शाळेची बाद झालेली छोटी बस घेतली, आतले बाक उपटले आणि वर्षभर अंगणात ठोकाठोक केली. पलंग बसवला, शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली, कोपऱ्यात दाराआड संडास केला, ताईंच्या जुन्या लुगड्यांचे पडदे लावले आणि पुढच्या काचेजवळ देव्हारासुद्धा मांडला. मग ताईंना बोलावून दार उघडलं. ताई आत गेल्या, नळ सोडून पाहिला, पलंगावर बसून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "घरात वीस वर्सं झाले नळ गळून राह्यला, थो नाही झाला तुमच्यानं." पण गेल्या. पुढं पुढं तर त्या घरी कमी आणि गाडीत जास्त भांडू लागल्या, म्हणजे रमल्याच म्हणायच्या. संध्याकाळी गाडीच्या पायरीवर बसून माळावरचा वारा घेत तूर निवडताना मी त्यांना पाहिलं आहे. तेवढा वेळ त्या कुणाला काही बोलत नसत.

मोठ्या सफरीला पुढं जीप घेऊन साडूभाऊ आणि मागं बसगाडी घेऊन मी, असा ताफा निघायचा. जीपनं वाट शोधायची आणि मी घर ओढत न्यायचं. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला जावयांच्या नात्यात याहून हलकं काम असू शकत नाही. त्यात साडूभाऊंची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ते रस्ता विचारत नसत. "साऱ्या जिंदगीत लोकायनं मले पुसलं, ड्रायव्हरसाहेब, कोनतं गाव आलं? आता मी पुसू लोकायले?" एकदा एक धबधबा शोधताना आम्ही पुन्हा पुन्हा एकाच माणसाच्या कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निघालो. शेवटी त्या माणसानं काही न विचारता आम्हाला चहा ठेवला. साडूभाऊ चहा प्याले, आभार मानले, धबधब्याचा शब्द काढला नाही आणि पुन्हा चुकले.

हे सगळं मी सोयऱ्यांच्या बैठकीत रंगवून सांगायचो. आता सांगवत नाही.

पावसाळा सरत आला होता. घाटंजीच्या पुढं, कोलाम आदिवासींच्या एका पोडाच्याही पलीकडं, नाला ओलांडून वर एक सपाट माळ आहे, तिथं मुक्काम ठरला. पोड म्हणजे वीस-पंचवीस घरांची वस्ती. तिथून पुढं गाडीवाट जेमतेम. निघायच्या सकाळी ताई म्हणाल्या, "आज राहू द्या. माह्या हाताले मुंग्या येऊन राह्यल्या." साडूभाऊ टाकीत पाणी भरत होते. "रानाची हवा लागली का पळतीन मुंग्या," ते म्हणाले. ताईंनी डबे उचलले आणि गाडीत ठेवले. दुपारी माळावर पोचलो. संध्याकाळी वरच्या अंगाला ढग गडगडले, आमच्यावर थेंब पडला नाही.

सकाळी ताई चहा गाळत होत्या. चहाचं पातेलं हातातून निसटलं. मला वाटलं, भाजलं. मी उठून गेलो तर त्या सांडलेल्या चहाकडे नुसत्या बघत होत्या, आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काहीतरी म्हणाल्या, ते शब्द नव्हते. साडूभाऊंनी वाकून पाहिलं. "लकवा होय, मास्तर," ते म्हणाले. "माय माही अशीच गेलती."

नाला फुगला होता. बसगाडी त्यातून निघणं शक्य नव्हतं. ताईंना उचलून जीपच्या मागच्या बाकावर घेतलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. साडूभाऊंनी तो दुसरा दांडा ओढला आणि गाडी पाण्यात घातली. पाणी पायाशी आलं, गाडी एका अंगाला सरकली, मी डोळे मिटले. त्यांनी ती काढली. एवढ्या सफाईनं गाडी चालवलेली मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. पलीकडच्या काठावर चढलो तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

पोडाच्या अलीकडं वाट फुटत होती. पावसानं चाकोऱ्या पुसल्या होत्या. मी ओरडलो, "साडूभाऊ, पोडावर लोक आहेत, विचारा!" ते म्हणाले, "ठाऊक हाय मले." आणि डावीकडं वळले. मी पुन्हा ओरडलो. त्यांनी वळणावर हॉर्न दाबला. पुढच्या वळणावर पुन्हा दाबला. ताईंच्या तोंडातून लाळ येत होती, ती मी रुमालानं पुसत होतो, आणि तो हॉर्न वाजतच होता. वाट चढत गेली, मग दगडांची झाली, मग एका जुन्या खदानीच्या कडेला येऊन संपली. पुढं नुसतं खोल हिरवं पाणी.

आम्ही थांबलो आणि मागून मोटरसायकल आली. पोडावरचा एक माणूस होता, घामानं निथळत होता. "काका, हा रस्ता खदानीत येते," तो म्हणाला. "तुमी वळले तवापासून हाका मारून राह्यलो. तुमच्या भोंग्यात आयकूच नाही जाऊन राह्यलं." त्यानं आत वाकून ताईंकडं पाहिलं. गाडी वळवून आमच्यापुढं निघाला. साडूभाऊ त्याच्या मागं मागं, मान खाली घालून. परतीच्या वळणांवर त्यांनी हॉर्न वाजवला नाही. घाटंजीला पहिली सुई टोचली आणि तिथून अँब्युलन्सनं यवतमाळ. तिथल्या डॉक्टरांनी सगळं बघून डॉक्टर म्हणतात तेच म्हटलं, "जरा आधी पोचला असता तर..." वाक्य पुरं करायची त्यांना गरज वाटली नाही.

ताई वाचल्या. उजवं अंग गेलं आणि भाषा गेली. माहेरी-सासरी जिच्या बोलण्याला लोक वचकून असायचे तिच्याजवळ दोन-चार शब्द उरले. 'पाणी' उरलं, 'हो' उरलं, मुलाचं नाव उरलं, आणि 'नको' उरलं. पहिले तीन शब्द त्या सगळ्यांशी वापरायच्या. 'नको' नवऱ्यासाठी राखून ठेवला होता. साडूभाऊंनी भाताचा घास पुढं केला, नको. उशी सारखी करायला गेले, नको. तोच घास माझ्या बायकोनं भरवला की त्या मुकाट खायच्या. मुलगा पुण्याहून आला. दवाखान्याच्या ओसरीत बापाला म्हणाला, "आता फिरा खुशाल. तुम्हाला माणसं नकोच होती ना?" साडूभाऊ भिंतीला टेकून उभे होते. मला वाटत होतं, त्यांनी उलटून बोलावं. मुलानं आईला पुण्याला नेलं.

बसगाडी तशीच माळावर राहिली होती. पाणी उतरल्यावर मी आणि पोडावरचा तो मोटरसायकलवाला ट्रॅक्टर घेऊन ती आणायला गेलो. साडूभाऊ आले नाहीत. खिडकीतून वानरांनी आत शिरून डबे फोडले होते, पडदे फाडून टाकले होते. ती आम्ही दिग्रसला त्यांच्या अंगणात आणून उभी केली. तेव्हापासून साडूभाऊ घरातच. कुणी भेटायला आलं तर उठून आत जायचे. ज्या भावांचं तोंड बघत नव्हते ते भाऊ आले, तर त्यांच्यासाठी मात्र बाहेर आले, आणि त्यांनी मारले ते टोमणे खाली मान घालून ऐकून घेतले. मला ते बघवलं नाही. भांडणारा साडूभाऊच बरा होता.

वर्षभरानं ताई परत आल्या. पुण्याच्या नवव्या मजल्यावर त्या दाराकडं बोट दाखवून रडायच्या म्हणे. मुलगा सोडायला आला, दोन दिवस राहिला, बापाशी कामापुरतं बोलून गेला. आता ताईंचं सगळं साडूभाऊच करतात. तेल लावतात, वेणी घालतात, वेडीवाकडी घालतात. ताई हे करू देतात, कारण दुसरं करायला कुणी नाही. ते भांड्यातून चहा चमच्यानं पाजतात तेव्हा त्या त्यांच्याकडं बघत नाहीत, भिंतीकडं बघतात.

मी अधूनमधून जातो. रोज उन्हं कलली की साडूभाऊ ताईंची खुर्ची अंगणात आणतात, जीपची चावी हातात घेऊन समोर उभे राहतात आणि विचारतात, "अवो, जाचं काय जरा बाहेर? दूर नाही. गावाच्या शिवेपावतर." ताई म्हणतात, "नको." ते मान हलवतात आणि चावी खिशात ठेवतात. पाऊस असो, सोयरे बसलेले असोत, हा प्रश्न चुकत नाही आणि उत्तरही चुकत नाही. मी एकदा म्हणालो, कशाला रोज विचारता? ते म्हणाले, "आता पुसतो, मास्तर."

मागच्या आठवड्यात गेलो होतो. अंगणात ताईंची खुर्ची होती, फाटकाबाहेरून गाई परतत होत्या. साडूभाऊंनी नेहमीप्रमाणे विचारलं. ताई रस्त्याकडं बघत होत्या. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. त्या बघतच राहिल्या.

साडूभाऊ माझ्याकडं वळले. आवाज एकदम हलका झाला होता. "मास्तर, नको म्हनली काय?"

"नाही."

"मंग हो म्हनली?"

"काहीच नाही म्हणाल्या."

ते चावीकडं बघत उभे राहिले. मग ताईंच्या पायाशी खाली बसले, त्यांचा पदर सरकला होता तो नीट केला. ताईंनी तो हात झटकला नाही. चावी खिशात ठेवून ते म्हणाले, "आज राहू द्या. उद्या पुसून पाहीन."