सुरईवाल्याचा पाय

अमेरिकेत, नेपरव्हिलला मुलाच्या घरी राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. इंग्रजी आलं नाही. चौथी शिकलेल्या बाईला सत्तरीत कुठून येणार? म्हणून नात कॉलेजातून इकडचे जुने मुके सिनेमे घेऊन घरी आली, तेव्हा मला बरं वाटलं. त्यात कोणी बोलत नाही. हिरो पळतो, पडतो, हत्तीवरून घसरतो. सगळं कळतं.

नात मात्र हसत नव्हती. त्या सिनेमांत आपली, काळी, चिनी माणसं कशी दाखवली, यावर सोमवारी तिला वर्गात निबंध वाचायचा होता. महाराजा गोराच, तोंडाला काळं फासलेलं. दासी गोऱ्या. पगड्या टोपीसारख्या शिवलेल्या. काय काय चुकलंय ते विचारायला एकच सिनेमा तिनं मला चार वेळा दाखवला. माझी कंबर धरली.

"आजी, यात आपलं रिअल माणूस एकही नाही. माझा पूर्ण पेपर त्याच्यावर आहे."

"एक आहे," मी म्हटलं. "तो मागचा, सुरई धरलेला."

दरबारात पळापळ होते. त्या गर्दीत सुरईवाल्याचा पाय खाली बसलेल्या एका म्हाताऱ्याला लागतो. पळता पळता तो वाकतो, म्हाताऱ्याला हात लावतो, हात छातीशी नेतो आणि पुन्हा पळतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. सिनेमा काढणाऱ्यांनीही बघितलं नसणार, नाहीतर कापलं असतं.

"तोल गेला असेल, आजी."

"तोल गेला म्हणून कोणी छातीला हात लावत नाही."

"बट धिस इज नॉट प्रूफ! प्रोफेसर हसतील मला. आणि पेपर सगळा चेंज करावा लागेल."

"मग नको लिहूस. मला झोपू दे."

ती चिडून उठली. उठताना तिचा पाय माझ्या दुखऱ्या गुडघ्याला लागला. तिनं वाकून गुडघ्याला हात लावला, छातीशी नेला, "सॉरी आजी" म्हणाली आणि तरातरा स्वयंपाकघराकडे निघाली. दारात थांबली. आपल्या हाताकडे बघत राहिली.

पोरगी इथेच जन्मलेली. लहानपणी वहीवर पाय पडला की आईची चापट खायची, एवढंच तिचं शिक्षण.

परत येऊन तिनं पाचव्यांदा सिनेमा लावला. सुरईवाला वाकला तिथे थांबवला.

"याचं नाव काय लिहू? नटांच्या लिस्टमध्ये नाही."

"असेल कोणी शेतावरचा मजूर नाहीतर जहाजावरचा खलाशी. कोण विचारतंय? नाव नाही असंच लिही."

रविवारी ती जेवायलासुद्धा नीट बसली नाही. बाहेर बर्फ पडत होता आणि वरच्या खोलीत तिची टकटक चालू होती. सोमवारी संध्याकाळी आली ती तोंड पाडून.

"प्रोफेसर म्हणाले, मेबी. म्हणाले, आधी दाखवलेला पेपर जास्त स्ट्रॉंग होता."

"सुरईवाल्याचं वाचलंस ना?"

"वाचलं. तीनदा प्ले करून दाखवलं."

"मग झालं. आता तो सिनेमा पुन्हा लावू नकोस. आणि गुडघ्याला तेल आण, परवापासून ठणकतोय."