बॉनेटच्या हुकाला बांधलेलं नवं

नाईक सहदेव आणि मी मिळून शेवटचं साधं काम केलं ते गाडीचं ऑइल बदलायचं. खंडेनवमीची सकाळ होती. तो गाडीखाली उताणा पडलेला, मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. त्याचे फक्त बूट दिसत होते.

"भरलंस काय रे?" तो खालून ओरडला.

"थोडं ऱ्हायलंय."

"थोडं म्हंजे किती? तुज्या कापडे गावची मानसं जेवायला वाढताना पन थोडंच म्हनतात."

"तुमची दासगावची थांबा म्हनत नायत म्हनून."

तो खाली हसला तर त्याच्या तोंडावर ऑइलचा थेंब पडला. मग शिवी दिली. मला नाही, गाडीला.

हे लिहायला बसलो कारण माझी मंडळी, भागी, श्रावणात वारली. घरात बोलायला कोणी नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. जे झालं ते झालं तसं सांगतो.

चीनची लढाई अजून व्हायची होती. त्या साली पावसानं आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, रस्ता जागोजागी तुटला. तो मोकळा करायला मुकादमाची माणसं होती. त्यांच्या मदतीला पुण्याहून आमची फौजेची छोटी तुकडी, डिटॅचमेंट, आली. तीन गाड्या, वर एक हवालदार साहेब, हरयाणाकडचे. कॅम्प पोलादपूरच्या बाहेर नदीकाठी. मी कापड्याचा, सहदेव दासगावचा. नोकरी लागल्यापासून घराच्या इतकं जवळ आम्हाला कोणी ठेवलं नव्हतं. दसऱ्याच्या दिवशी सहदेवला घरी जायची सुट्टी मंजूर झाली होती. त्याची आई खाडीकाठच्या घरात एकुलत्या पोराची वाट बघत होती.

फौजेत गाडीची दिवसाची सुरुवात फर्स्ट परेडनं होते. ऑइल, पाणी, पेट्रोल, टायर. सिव्हिलमधली माणसं गाडीत बसतात आणि चावी मारतात. आम्हाला तसं करू देत नसत. गाडी सपाटीवर उभी पाहिजे. इंजिन बंद पाहिजे. ऑइल खाली चेंबरमध्ये उतरायला वेळ द्यायचा. मग डिपस्टिक काढायची, फडक्यानं कोरडी पुसायची, पुरती आत घालायची आणि परत काढून बघायची. दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन्हींच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ पाहिजे. कमी असेल तर इंजिन घासून मरतं. जास्त असलं तरी चांगलं नाही. सहदेव वर आणखी एक करायचा. थेंब अंगठ्यावर घेऊन बोटानं चोळायचा, बारीक कण लागतात का बघायचा, आणि वास घ्यायचा.

"सोयरीक बघतोस काय?" मी म्हणायचो.

"सोयरीक फसली तर बायको माहेरी जाते. हे फसलं तर आपन जातो."

आमच्या त्या गाडीचा ऑइलचा मीटर मेलेला होता. काटा कायम एकाच जागी. नवा मीटर मागितला होता, आला नव्हता. म्हणून चालवणाऱ्याला समोर काही कळायचं नाही. डिपस्टिक एवढाच आमचा डोळा.

नवमीला हत्यारांची पूजा, तशी गाड्यांची. म्हणून सकाळी तीनही गाड्या नदीवर धुतल्या. कॅम्पात चिखल होता, चाकं परत माखू नयेत म्हणून खाली भाताचा पेंढा पसरला. आमच्या गाडीचं ऑइल काळं झालं होतं, ते बदलायचं ठरवलं. जुनं काढलं, चेंबरचा नट परत बसवला. नटाखालचा तांब्याचा वायसर झिजलेला होता. नवा नव्हता.

"हाच घालतो," सहदेव म्हणाला. "दुसऱ्यांदा बघू तेव्हा कळेल गळतंय काय ते."

दुसऱ्यांदा बघायचं म्हणजे काय ते सांगतो. नवं ऑइल भरलं की एकदा माप बघतात. मग इंजिन थोडं चालवतात, ऑइल फिल्टरमध्ये आणि सगळीकडे जातं. मग बंद करून, थांबून परत बघतात. तेव्हा माप खाली आलेलं असतं, ते पुरं करायचं. खाली वाकून नटही बघायचा. पहिलं माप आम्ही घेतलं. बरोबर होतं. इंजिन चालवून बंद केलं. बॉनेट लावलं आणि थांबायचं म्हणून चहा घेत बसलो.

तेवढ्यात माझी बायको भागी आली. कापड्याहून चालत, बरोबर माझी धाकटी बहीण. डोक्यावर टोपली. टोपलीत घावणे, नारळ, झेंडू, हळदकुंकू. हवालदार साहेबांनी तिला आधीच परवानगी दिली होती. म्हणाले होते, "बहनजी के हाथ से पूजा होगी तो अच्छा है."

तिनं चाकांना पाणी लावलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. मग टोपलीतून नवं काढलं. आमच्याकडे भात तयार झालं की त्याच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल एकत्र करून दोऱ्यानं बांधतात. घराच्या दाराला, नांगराला, दुभत्या जनावराच्या गोठ्याला. त्याला नवं म्हणतात. एकदा बांधलं की सहसा सोडत नाहीत, आपोआप गळून पडू देतात. तिनं गाडीभोवती फिरून बघितलं आणि बॉनेटच्या हुकाला ते बांधलं. दोरा चार वेळा गुंडाळला, घट्ट गाठ मारली.

सहदेव म्हणाला, "वैनी, हे तर इंजिनाचं दार."

"दारालाच बांधतात ना, भावजी?"

"मग आता आम्ही आत कसं शिरायचं?"

"आज कशाला शिरायचं? पूजा झाली. उद्या दसरा झाला का मी दुसरं वर बांधीन, मग हे काढा. आज सोडू नका."

"तुमचा हुकूम हवालदाराच्या वर," तो म्हणाला. आणि तिला त्यानं कडक सॅल्यूट मारला. ती लाजून तोंडावर पदर घेऊन हसली. दुसऱ्यांदा बघायचं तसंच राहिलं. गाडी आज निघणारच नव्हती, त्यामुळे कोणाला घाई नव्हती.

चार वाजायच्या सुमारास घाटातून एक माणूस पळत आला. दरड परत आली होती. मुकादमाची तीन माणसं दगडांखाली सापडली. दोघांना ओढून काढलं होतं, एकाचा पाय अजून अडकलेला. त्यांना महाडच्या दवाखान्यात पोचवायला गाडी पाहिजे.

बाकी दोन गाड्या कॅम्पातच होत्या, पण एकीचं चाक काढलेलं आणि दुसरी बांधकामाच्या फळ्यांनी भरलेली. हवालदार साहेब म्हणाले, "यही निकालो. जल्दी."

सहदेव स्टिअरिंगवर चढला. मी सवयीनं बॉनेटकडे गेलो, हुकाला हात लावला. भागी अजून घरी निघाली नव्हती, तिथंच उभी होती. नव्याकडे बघत होती.

सहदेवनं खिडकीतून डोकं काढलं. "ऱ्हाऊ दे रे. सकाळी बघितलंय ना? वैनीचं नवं तोडू नको."

"दुसऱ्यांदा नाय बघितलं."

"वर मानूस दगडाखाली हाय. चढ."

मी हात काढला आणि मागं चढलो. मागं हवालदार साहेब, मी, आणि पहारी घेऊन कॅम्पावर कामाला असलेली कापड्याची चार माणसं. गाडी पेंढ्यावरून हलली. पेंढ्याखाली काय होतं ते कोणी बघितलं नाही.

घाटाचा चढ लागला. पहिली वळणं गाडी नीट चढली. मग मला इंजिनातून आवाज आला, टक टक, लोहाराकडे लांबून येतो तसा. मी केबिनवर हात आपटला.

"सहदेव! आवाज!"

"ऐकला!" तो म्हणाला. "फुडं सपाटी हाय, तिथं थांबतो."

सपाटी समोर दिसत होती. तिथपर्यंत गाडी गेली नाही. आतून एकदा मोठा आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. सहदेवनं क्लच दाबला असणार, कारण चाकं मोकळी झाली आणि गाडी मागं यायला लागली. त्या गाडीचं इंजिन बंद पडलं की ब्रेकला जोर राहत नसे. हँडब्रेक ओढल्याचा आवाज मला आला. गाडी थांबली नाही.

"उड्या मारा!" सहदेव ओरडला. "सगळे उड्या मारा!"

हवालदार साहेबांनी दोघांना ढकललं, मग स्वतः उडी मारली. मी शेवटचा. मागच्या रस्त्यावर घाटातल्या वाडीची माणसं होती, दोर आणि बाज घेऊन दरडीकडे चालत येत होती, बायकाही होत्या. सहदेवला आरशात ती दिसली असणार. त्याच्या बाजूचं दार उघडंच होतं. तो उतरू शकला असता. त्यानं स्टिअरिंग फिरवून गाडीचा मागचा भाग डोंगराकडे घातला. मागची बाजू दगडात जाऊन अडकली आणि पुढची बाजू दरीकडे फिरली. तिथला कठडा पावसात गेलेला होता. केबिन आधी गेली.

आम्ही खाली उतरलो तेव्हा तो जिवंत नव्हता. एवढंच सांगतो.

दरडीतल्या तिघांना वाडीच्या माणसांनी बाजेवर घालून खाली आणलं. एकाचा पाय कापावा लागला. तिघंही जगले. रस्त्यावरच्या एकाही माणसाला खरचटलं नाही.

नंतर गाडी तपासली तेव्हा चेंबरचा नट सैल होऊन आटे संपायला आला होता. वायसर फुटलेला. चेंबर कोरडा. कॅम्पातल्या पेंढ्यानं ऑइल पिऊन घेतलं होतं, उचलला तर काळा आणि जड. चौकशीला आलेल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, माप दुसऱ्यांदा का घेतलं नाही. मी म्हणालो, पूजा झाली होती. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

सहदेव लढाईत मेला नाही, म्हणून कुठल्या दगडावर त्याचं नाव नाही.

भागीनं त्यानंतर कुठल्याही गाडीची पूजा केली नाही. पोरानं जीप घेतली तेव्हा सगळं घर बाहेर आणि ही चुलीपाशी. मला वाटायचं, तिला सहदेवची आठवण येते. मी विषय काढला नाही. तिनंही काढला नाही. एवढी वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवल्यासारखे, आणि हे बोललो नाही.

श्रावणात शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली, "भावजींना मी अडवलं."

"नाय गो. हुकूम तुझा नवता."

"तुमी हुकाला हात लावलात. मी बघत होते. मी तोडा म्हनले असते तर तुमी तोडलं असतं."

"मला कोनी धरलं नवतं. मी पन तोडलं नाय."

"मग इतकी वर्सं बोलला का नाय?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं. रागानं नाही, थकली होती. तीन दिवसांनी गेली. ते ओझं मी तिच्याबरोबर उचलायला पाहिजे होतं. मला वाटत राहिलं की ते माझ्या एकट्याच्याच डोक्यावर आहे.

सहदेव गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दसरा होता. सकाळी हवालदार साहेबांनी मला दुसऱ्या गाडीनं पुढं दासगावला पाठवलं, घरी सांगायला. प्रेत महाडहून मागून येणार होतं. मी पोचलो तेव्हा त्याची आई वडे तळत होती. गाडीचा आवाज ऐकून म्हातारा बाप अंगणात आला आणि माझ्या मागं बघायला लागला.

"तो कुटं हाय?"

मी टोपी काढली. "बाबा, सहदेव काल घाटात गेला. ड्युटीवर."

 म्हाताऱ्यानं विचारलं, "गाडी कोन चालवीत होता?"

"तोच."

"मानसं?"

"सगळी जगली."

तो आत गेला. चुलीवरची कढई त्यानं स्वतःच्या हातानं खाली उतरवली आणि बायकोशेजारी बसला. तिचा आवाज बाहेर आला तेव्हा शेजारची घरं धावत आली.

थोड्या वेळानं म्हातारा पडवीत आला. पावसाळ्यासाठी रचलेलं जळण तिथं अजून बरंच शिल्लक होतं. तो एकेक लाकूड खाली काढायला लागला. मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पहिला भारा बांधला आणि डोक्यावर घेऊन खाडीकाठच्या मसणवटीच्या वाटेला लागलो.