मावशीकडचे आठ दिवस

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या माणसाला दुकानात सगळे 'तागडी' म्हणत. चहा घ्यावा की कॉफी, एवढं ठरवायलाही तो दोन्ही पारडी तोलून पाहायचा. कामाला चोख, स्वभावाने गरीब, पण काळजी हाडीमाशी खिळलेली. नऊ वर्षांपूर्वी वडील बोलता बोलता खुर्चीतच गेले, तेव्हापासून ती सगळी काळजी आईभोवती गोळा झाली.

आई एकाहत्तरची. हॉस्पिटलच्या धुलाईघरात तीस वर्षं ओल्या चादरी उपसून निवृत्त झालेली. तिने स्टुलावर चढायचं नाही, जड पिशवी उचलायची नाही, रस्ता ओला असला की एकटीने बाहेर पडायचं नाही. आई सगळ्याला "बरं" म्हणायची. ऐन थंडीत आठ दिवस धाकट्या बहिणीकडे जाऊन यायची, तेवढाच तिला बदल.

त्या वर्षी त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने, घरच्या टिटवीने, बर्फाचा धोशा लावला. वर्गातल्या सगळ्या मुली स्कीइंग करून आल्या, आपणच तेवढ्या राहिलो म्हणे. दोन ठिकाणं निघाली. एक मोठं, उंचावरचं, अकरा रोपवे आणि काचेच्या भिंतींचं हॉटेल. दुसरं लहान, तळ्याकाठचं, लाकडी खोल्या आणि एकच जुना रोपवे. दोन्हींची माहितीपत्रकं चार दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होती. त्याने कागदावर रकाने आखले होते. उतार किती उभा, दवाखाना किती लांब, रस्ता कसा.

"अहो, जायचंच तर धड जाऊ," बायको म्हणाली. "मोठ्याकडे."

"लहान ठिकाणचे उतार सौम्य आहेत गं. डॉक्टरही जवळ आहे."

मटार सोलत बसलेली आई एरवी अशा बोलण्यात पडायची नाही. त्या दिवशी ताडकन म्हणाली, "मोठ्याकडेच जा. लहान ठिकाणी काय पुरून ठेवलंय!"

त्याला जरा नवल वाटलं, पण मनात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकानामागच्या घासकामाच्या खोलीतून त्याने लहान ठिकाणी फोन लावला. फोनवरच्या बाईंनी त्याचे एकोणीस प्रश्न निमूटपणे ऐकून घेतले. शेवटी त्याने नाव-पत्ता सांगितला आणि बाई एकदम खुलल्या.

"थांबा हं, हा तर आमच्या आजींचा पत्ता! तुम्ही त्यांचे कोण?"

"कुठल्या आजी?"

"अहो, लाल टोपीवाल्या! दर वर्षी येतात, सात नंबरच्या खोलीत. यंदा मधल्या उतारावरून उतरणार म्हणाल्यात. मनगट बरं आहे ना आता? तीन वर्षांपूर्वी केवढ्या आपटल्या होत्या!"

मशीनवरची काच तशीच फिरत राहिली आणि घासून घासून कागदासारखी पातळ झाली. मनगट! मावशीच्या न्हाणीघरात पाय घसरला, असं आईने सांगितलं होतं. ते ऐकून त्याने आपल्या न्हाणीघराच्या तिन्ही भिंतींना धरायला दांडे ठोकले होते. आत गेलं की बसमध्ये उभं राहिल्यासारखं वाटायचं.

त्याने मावशीला फोन लावला आणि थेट लाल टोपीचं विचारलं. पलीकडून एक लांब सुस्कारा आला.

"कळलं का एकदाचं? सुटले बाई! आठ वर्षं खोटं बोलून जीभ झिजली माझी."

"मावशी, अगं, मी फोन केला की तू म्हणायचीस, ती अंघोळीला गेलीय!"

"मग काय सांगू? डोंगरावर गेलीय म्हणून?"

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी आला. कसा आला, कोणत्या रस्त्याने आला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आई पलंगावर बसून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती.

"सात नंबरची खोली," एवढंच तो म्हणाला.

आईचे हात थांबले. दारात उभ्या असलेल्या बायकोला काही उमजेना. तिला त्याने दोन वाक्यांत सांगितलं, तशी ती मटकन खुर्चीवर बसली. "आई, तुम्ही? स्कीइंग?" एवढ्यात शाळेतून आलेली टिटवी आनंदाने किंचाळली. तो मात्र भडकला. आयुष्यात पहिल्यांदा आईवर आवाज चढवला.

"अगं, मान मोडली असती तर? मला कळलं तरी असतं का, तू कुठे पडलीयेस ते? मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?" आई शांतपणे म्हणाली. "स्टुलावर चढायची परवानगी नाही मला. डोंगरावरून घसरायची कोण देणार होतं?"

मग मोज्यांकडे बघत ती सांगू लागली.

"हे गेले, त्याच्या पुढच्या थंडीत धुलाईघरातल्या बायका बळेच घेऊन गेल्या. मी नुसती बघत बसणार होते. त्यांनी पायात त्या पट्ट्या अडकवल्या. दोन पावलं गेले आणि अशी पडले, अशी पडले, की तोंडात बर्फ! आणि हसायला आलं मला. हे गेल्यावर पहिल्यांदा. घरी आले तर तू जिन्याला कठडा बसवत होतास. मग काही बोललेच नाही."

त्याचा राग कुठल्या कुठे गेला, पण धक्का काही ओसरेना. रात्री जेवताना तो आईकडे परक्या बाईकडे बघावं तसा बघत होता. नऊ वर्षं हिच्या पायांवर डोळा ठेवला आपण, आणि हे पाय कुठे फिरून येतात याचा पत्ता नाही! रकान्यांचा कागद बायकोनेच उचलून ठेवला. "आता काय तोलायचं राहिलंय? मलाही बघायचंय," ती म्हणाली.

महिन्याने सगळे लहान ठिकाणी पोहोचले. चहा देणाऱ्यापासून रोपवेवाल्यापर्यंत जो तो "आजी, आलात का?" म्हणून पुढे येत होता, आणि त्याला तिथे कोणी ओळखत नव्हतं. तो फक्त आजींचा मुलगा. टिटवी आणि बायको मुलांच्या उतारावर शिकत होत्या. तो पायथ्याशी उभा होता, हातमोज्यांत मुठी आवळून.

वर लाल ठिपका दिसला. आधी अगदी हळू, मग एका लयीत, डावीकडे, उजवीकडे. धुलाईघरातून पाय ओढत घरी येणारी आई त्याने तीस वर्षं पाहिली होती. ही बाई वाऱ्यासारखी खाली येत होती. त्याने आ वासला तो तसाच राहिला.

शेवटच्या वळणावर ती पडली. बर्फाचा फवारा उडाला, एक पट्टी सुटून लांब गेली. तो ओरडत धावला, गुडघाभर बर्फात रुतला, पुन्हा उठला.

"येऊ नकोस!" आईने पडल्या पडल्या हात वर केला. "उठते मी. वेळ लागतो जरा."

तो दहा पावलांवर थबकला. पाय पुढे ओढत होते. तरी तो हलला नाही. आई कुशीवर वळली, गुडघा रोवला, काठीवर भार दिला, एकदा पुन्हा घसरली, स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि उभी राहिली. टोपीवरचं बर्फ झटकलं.

"ती पट्टी तेवढी आणून दे," ती म्हणाली.

त्याने आणून दिली. ती पायात कशी अडकवायची, ते त्याला ठाऊक नव्हतं. आईने खाली वाकून दाखवलं.