रुखवताच्या कुरडया

माझ्या पोटात दुखत होतं, हे आधीच सांगून टाकते. म्हातारपणी जुनं सांगताना लोक स्वतःला धुऊन-पुसून घेतात, मला ते जमत नाही. माझी नणंद तेव्हा चौदा वर्षांची होती. वैशाखात तिचं लग्न धरलं होतं, मुलगा पाथरीचा. तिच्या रुखवताच्या कुरडया माझ्या हातच्या व्हाव्यात, एवढंच माझ्या मनात होतं. सासूबाईंनी ते काम धाकट्या जावेला दिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिळपापड का झाला ते ऐका, म्हणजे मला उगाच शिव्या देणार नाही. मी वालूरहून लग्न होऊन परभणीला आले तेव्हा ही नणंद चार वर्षांची होती. त्या साली सासूबाईंना हिवतापानं असं धरलं की वर्षभर त्या बाजेवरून उठल्या नाहीत. पोरगी माझ्या गळ्यात पडली ती पडलीच. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, गोवर निघाला तेव्हा उशाशी मी बसले. तिला भाकरी थापायला, सारवायला, वारा बघायला मी शिकवलं. दहा वर्षं झाली तरी मला स्वतःचं मूल झालं नाही. लोक काय बोलायचे ते बोलायचे. मी म्हणायची, बोला, माझ्या कुशीत एक पोर झोपतंय ना.

मग आली ही हैदराबादची.

धाकटा दीर कचेरीत कारकून होता. निजामाचं राज्य, कचेरीचं सगळं उर्दूत, त्याला तसलीच शिकलेली बायको हवी होती. बाई देखणी होती, खोटं कशाला बोलू. बोलणं मऊ, दुपारी कुणाच्या घरी बसायला गेली की तिच्याभोवती बायका जमायच्या. आल्या आल्या आठ महिन्यांत तिला दिवस राहिले. सासूबाई तिला पाणी ओढू देईनात. तेही मी गिळलं. पण पोरगी तिच्या मागं लागली, ते काही माझ्या घशाखाली उतरेना. तिच्यासारखी दोन वेण्या घालायला लागली. जावेनं स्वतःच्या लाखेच्या बांगड्या काढून पोरीच्या हातात भरल्या. एक दिवस मी म्हटलं, "चल ग, शेण आणू," तर मला म्हणते, "कैकू वैनी?" 'का' म्हणायचं सोडून कैकू. माझ्याच घरात, माझ्याच पोरीच्या तोंडात हैदराबाद येऊन बसलं. आणि रात्री तिचं अंथरूण जावेच्या खोलीच्या दाराशी पडायला लागलं, का तर दीर दौऱ्यावर आहे आणि धाकट्या वैनीला भ्या वाटतं.

एक कुरडई तेवढी उरली होती. कुरडईत माझा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. फाल्गुन लागला, सासूबाईंनी बन्सी गहू निवडून काढला आणि चुलीपुढं बसून मला म्हणाल्या, "थोरले, राग मानू नको. रुखवताचा पहिला घाणा हाय. भरल्या ओटीचा हात लागू दे. रीत हाय ती. तू हाताखाली ऱ्हा, तिला दाखव."

मी म्हटलं, "माझी कंबर दुखायलीय."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

सासूबाईंनी गव्हाची पाटी पुढं ओढली. मी उठले आणि परसातल्या मिरच्या हलवायला गेले. वर्षाची मिरची तरटावर वाळत घातली होती. हलवताना डोळ्यांत गेली, बरं झालं, रडायला निमित्त मिळालं.

कुरडईचं असं आहे, की गहू एकदा भिजत घातला की मागं फिरता येत नाही. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचा, फडक्यानं गाळायचा, रात्रभर चीक बसू द्यायचा. सकाळी तो शिजवून सोऱ्यातून पाडायचा, आणि त्या दिवशी ऊन कडक पाहिजे म्हणजे पाहिजेच. नाहीतर आंबतो, काळा पडतो, वास मारतो. शनिवारी गहू भिजला तेव्हा ऊन असं होतं की माळवदावर पाय ठरत नव्हता. सासूबाई खूश. रविवारी सकाळी उठलो तर आभाळ गच्च आणि थंडी. फाल्गुनात गोधड्या काढल्या. जाऊ दारात उभी राहून म्हणाली, "आमच्या हैदराबादेत असं न्हाई होत." मी मनात म्हटलं, जा की मग हैदराबादेत.

सोमवारी दुपारी वावटळ सुटली, गल्लीतल्या सगळ्यांच्या घरात धूळ. संध्याकाळी चार थेंब पडले, गडगडलं आणि गप्प झालं. सासूबाई गव्हाचं पातेलं हुंगून बघायच्या आणि वर बघायच्या. मंगळवारी पुन्हा लख्ख ऊन. जाऊ आणि नणंद दोघी पाट्यावर गहू वाटायला बसल्या. हसायला काय लागल्या होत्या, मला कळेना. गहू वाटण्यात हसण्यासारखं काय असतं? जावेला वरवंटा नीट धरता येत नव्हता, पोरगी तिला दाखवत होती, "असा न्हाई, असा." ते दाखवणं माझं होतं. वरवंटा तिरका धरून मनगट सैल सोडायचं, हे मी तिला सहा वर्षांची असताना शिकवलं होतं. मी तिथून चार वेळा काहीतरी आणायला म्हणून गेले आणि चारही वेळा तिनं मान वर केली नाही.

बुधवारी पहाटे मी परसात धुणं धूत होते. आभाळ निवळलेलं, एक ढग नाही. कुणीही म्हणालं असतं, आज ऊन पडणार. पण मी खळ्यावर वाढलेली. रास उपणायच्या दिवसांत माझा बाप आधी वारा बघायचा, आणि त्याच्या मागं मी उभी असायची. त्या दिवशी वारा साफ पडला होता. लिंबाचं पान हलत नव्हतं, सूर्य वर यायच्या आतच अंग चिकट झालं होतं, आणि मावळतीच्या बाजूला, अगदी खाली, काळपट-तांबडी कड धरलेली होती. अशी कड दिसली की बाप खळ्यावरची रास झाकायला लावायचा. दुपार टळायच्या आत येणार, गारांसकट येणार, हे मला कळलं.

तेवढ्यात नणंद आली. हात चिकानं भरलेले, वर लाखेच्या बांगड्या.

"वैनी, आई म्हणली वैनीला इचार. तिला वारा कळतो. आज घालावं का उद्याला ठेवावं? ऊन ऱ्हाईल का?"

तिनं मला चार दिवसांत पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही, बांगड्यांकडं बघितलं. चीक अजून एक दिवस थंड पाण्यात टिकला असता. उद्यावर टाका, एवढं बोलायचं होतं.

मी म्हटलं, "ऱ्हाईल की. आभाळ कसं धुतल्यागत झालंय."

ती पळत आत गेली. मी धुणं पिळत राहिले.

त्यांनी सोऱ्याला हळद-कुंकू लावलं. चीक शिजल्याचा वास परसापर्यंत आला आणि त्या वासावरून मला कळलं की चीक चांगला हाटलाय, खाली लागलेला नाही. म्हणजे पोरीनं हाटला, जावेला कुठलं जमायला. माळवदावर दोन बाजा टाकून, त्यावर धुतलेली धोतरं पसरून त्यांनी कुरडया पाडल्या. जावेच्या हाताचा पहिला घाणा झाला, मग दोघींनी मिळून पाडल्या. मी वर गेले नाही. सासूबाई जिन्यातून खाली येऊन म्हणाल्या, "लय पांढऱ्या पडल्यात." मी हं म्हटलं.

आणि दुपारच्या आधी मी एक गोष्ट केली. मुद्दाम नाही केली. हातालाच सवय असते, हातांनीच केली. परसातलं तरट गोळा केलं, मिरच्या आत घेतल्या, माजघराच्या कोपऱ्यात ओतल्या आणि वर पोतं टाकलं.

जेवणं झाली, आणि अंधारून आलं. आधी एकदम थंड वारा आला, मग पत्र्यावर कुणी दगड मारावा तसा आवाज. बोराएवढ्या गारा. जाऊ पोट धरून जिन्याकडं धावली, तिला नणंदेनं अडवलं आणि स्वतः वर पळाली. मीही पळाले. माझ्या मनात काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. आनंद नव्हता, एवढं सांगते. वर गेलो तर डोक्यावर, पाठीवर, हातांवर फटके. पोरीनं एका बाजेवर घोंगडं टाकायला बघितलं, वाऱ्यानं ते उडवलं. मग ती स्वतःच बाजेवर ओणवी झाली. मी तिला ओढत होते आणि ती हलत नव्हती. तिच्या खाली कुरडयांचा पुन्हा चीक झाला होता, धोतरातून गळत होता. बांगड्या फुटून दोन जागी मनगट कापलं होतं.

खाली आणलं तिला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड पांढरं पडलेलं. गव्हाचं त्यांना काही नव्हतं. पहिला घाणा गेला, शकुन मोडला, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. मी पोरीचं डोकं पुसायला फडकं घ्यायला वळले. ती कोपऱ्याकडं बघत होती.

पोतं सरकलं होतं. खाली लालभडक मिरच्या, कोरड्या ठणठणीत.

तिनं मिरच्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मिरच्या कधी आत घ्यायच्या, हे तिला मीच शिकवलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "ऊन ऱ्हाईल म्हणून तुला कोण म्हणलं? वैनी म्हणली ना?"

मला वाटलं, आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं, खरंच सांगते. दोन दिवस घरात रण पेटलं असतं, मी तोंड वर करून भांडले असते, आणि मिटलं असतं.

पोरगी म्हणाली, "म्या वैनीला इचारलंच न्हाई. ती धुणं धुवायली होती. माझ्याच मनानं सांगितलं."

सासूबाईंनी तिच्या थोबाडीत मारली. लग्न ठरलेल्या मुलीला कुणी मारत नाही, पण मारली, आणि मग स्वतःच रडल्या. जाऊ मध्ये पडली, पोरीला जवळ घेऊन आत गेली. मी फडकं हातात धरून तिथंच उभी.

गुरुवारी झाकोळ होता, जुम्म्याला ऊन पडलं ते असं की पुढं महिनाभर हललं नाही. सासूबाईंनी स्वतः माझ्यापुढं गव्हाची पाटी ठेवली. "आता तूच कर, थोरले. रीत गेली चुलीत. तुझा हात चांगला हाय."

म्हणजे मला हवं ते मिळालं. मी गहू भिजवला, वाटला, गाळला. जावेला हात लावू दिला नाही, तिनंही लावायचं म्हटलं नाही. नणंद पाणी आणून द्यायची, जळण आणून द्यायची, सांगेन ते करायची. "हो वैनी," "आणते वैनी." कैकू म्हणायचं तिनं बंद केलं. माझ्याशी तरी. मी चार वेळा बोलायला तोंड उघडलं आणि चारही वेळा चुलीत फुंकर घातली. कुरडया अशा पडल्या, की माझ्या उभ्या जन्मात तशा पुन्हा पडल्या नाहीत. जाळी एकसारखी, रंग मोगऱ्याचा.

लग्नात रुखवत मांडलं तेव्हा मधोमध त्याच. पाथरीच्या विहीणबाई आल्या. आमच्या ह्या विहीणबाई कशालाही बरं म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. शेवयांना नाक मुरडलं, करंज्यांना जाड म्हणाल्या. कुरडईजवळ थांबल्या, एक उचलून उजेडाकडं धरली. "हिला हात कुणाचा लागलाय?" त्यांनी विचारलं. सासूबाई मांडवात होत्या. मी रुखवताच्या ह्या बाजूला, जाऊ त्या बाजूला, आणि मधे मुंडावळ्या बांधलेली नवरी.

मी पदर सावरला. पोरगी खाली मान घालून, पण स्पष्ट बोलली.

"धाकट्या वैनीचा."

जाऊ गडबडली, माझ्याकडं हात केला. "न्हाई न्हाई, अक्कांनी—" एवढं म्हणेस्तोवर पोरीनं तिचा हात धरला. विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, ही म्हणते ते खरं का, अशा नजरेनं.

मी म्हटलं, "हौ. तिचाच हात हाय."

विहीणबाईंनी जावेसाठी पिशवीतून खण काढला आणि ओटी भरायला हळद-कुंकू मागितलं. ते कुठं ठेवलंय ते मलाच माहीत होतं, म्हणून मीच उठून आणून दिलं.